सुट्या भागांची सायकल

सीताफळाचे डोळे उघडायला लागले की मला धास्ती वाटू लागते.

बाकीच्यांसाठी हे दिवस सुखाचे. पाऊस ओसरलेला असतो, डोंगराच्या उतारावर गवत गुडघ्याच्या वर गेलेलं असतं आणि पाटोद्याच्या स्टँडसमोर बाया पाट्या मांडून बसतात. हिरव्या फळाच्या खवल्यांमधल्या फटी रुंदावून आतून पांढुरका-गुलाबी रंग दिसला की म्हणायचं, डोळे उघडले. दोन दिवसांत पिकणार. परवा कामावरून येताना एका बाईनं हाक मारून मला पाटीजवळ बसवलं. मी एक फळ उचललं, फटींवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवलं.

"कावून ओ बाई? लई गोड हाय की."

गोड असणारच. पण भेगांवरून अंगठा फिरवायची सवय मला तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत लागली, हे तिला काय सांगणार? त्या हंगामात मी माझ्या धाकट्या भावासाठी एक सायकल बांधली होती.

मी फिटर आहे. इथल्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते. लोखंड कानशीनं घासून सपाट करणं, भोक पाडणं, आटे काढणं, जोड बसवणं हे माझं रोजचं काम. अप्पा गेल्यापासून घरचं किराणा दुकान आई बघते. अमोल, माझा भाऊ, तेव्हा तेवीस वर्षांचा होता; दुकानात पोती उचलायचा आणि गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर एकच गोष्ट बघत बसायचा. कुठल्या कुठल्या देशांतली पोरं मातीचे उंच ढीग रचतात, एका ढिगावरून सायकल हवेत उडवतात आणि पलीकडच्या ढिगाच्या उतारावर उतरवतात. मधे नुसता खड्डा. काहीजण हवेत असताना हॅन्डल गरकन फिरवतात, पाय सोडून देतात. मला ते बघवायचं नाही. आई चष्मा लावून बघायची आणि विचारायची, "ह्यांच्या आया कुठं असतेत रे?"

त्याच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात अमोल साध्याच सायकलवर पाझर तलावाच्या बांधावरून उड्या मारायचा. हॅन्डलच्या नळीजवळ फ्रेमला चीर गेली. ती त्यानं माझ्याकडे आणली आणि मी वर्कशॉपमध्ये नेऊन वेल्डिंग केलं. आठ दिवसांनी वेल्डिंगच्या अगदी कडेनं फ्रेम तुटली आणि अमोल हवेतून तोंडावर आला. जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले आणि दीड महिना तो भाताची पेज नळीनं ओढत राहिला. घरात तो आवाज सारखा यायचा. पेज संपत आल्यावर तळाशी होणारा सुरसुर आवाज. मी स्वयंपाकघरात असले तर नळ सोडून द्यायची, तो ऐकू येऊ नये म्हणून.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. वेल्डिंग झाल्यावर मी जोडावरची जळकी खपली झाडली तेव्हा कडेला एक बारीक खोबण दिसली होती. नखाएवढी लांब, केसाएवढी रुंद. अशी खोबण राहिली की जोड तिथंच तुटतो, हे मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवते. त्या दिवशी साडेपाच वाजले होते, वर्कशॉपला कुलूप लावायचं होतं. मी मनात म्हटलं, चालतंय.

तर असा तो जबडा जुळल्यावर वर्षभरानं अमोल माझ्यापुढं येऊन बसला आणि म्हणाला, "अक्का, सायकल बांधायची हाय. उड्यांचीच. एकेक पार्ट मागवतो."

"तयार घे."

"तयार मिळती ती लई महाग, न्हाईतर पत्र्याची. मला पाहिजे तशी बांधावीच लागती."

"मग बीडला जा. तिथं मिस्त्री हायेत. माझ्या हातून न्हाई व्हायचं."

त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "ठीक हाय. मी एकटा बांधतो. कटोऱ्या दाबून बसवायचं हत्यार माझ्याकडं न्हाई, हातोड्यानं ठोकीन."

कटोऱ्या म्हणजे ज्यांच्यात छर्रे फिरतात आणि हॅन्डल वळतं त्या दोन वाट्या. हातोड्यानं ठोकल्या तर तिरप्या बसतात, फ्रेमची नळी आतून फाटते. हे त्याला माहीत होतं आणि मला हे माहीत आहे हेही त्याला माहीत होतं. मी हो म्हटलं. त्या 'हो'मध्ये प्रेम किती आणि धास्ती किती, हे मला आजही सांगता येत नाही.

भाग एकेक करून येऊ लागले. भाद्रपदातल्या सरी चालू होत्या आणि कुरियरवाला प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली खोकी दुकानाच्या ओट्यावर ठेवून जायचा. आधी फ्रेम आली. काळी, बुटकी, कुत्र्यानं कंबर खाली घालून बसावं तशी. मग चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा काटा. मग हब, रिमा, आऱ्यांचे दोन जुडगे. साखळी, दात्यांचं एकच चाक, फक्त मागचा ब्रेक. आई प्रत्येक खोकं तागडीत टाकून बघायची. का, ते विचारलं तर म्हणायची, "काय न्हाई. किती जड हाय बघते." माझ्या खोलीत साखरेच्या रिकाम्या पोत्यांवर ते सगळं मांडून ठेवलं होतं. वंगणाचा, नव्या रबराचा आणि शेजारच्या कोठीतून येणाऱ्या धन्याचा वास एकमेकांत मिसळलेला असायचा. अजूनही कुठं नवा टायर दिसला की मला धने आठवतात आणि त्यामागोमाग भीती.

सुटा भाग हातात असतो तेव्हा तो निर्दोष असतो. मला ते भाग तसेच पोत्यांवर आवडायचे. बघत बसावेसे वाटायचे. जोडायला घेतलं की चुकीला जागा व्हायची. चाकं मी आठ दिवस विणली. एकेका चाकात बत्तीस आरे, प्रत्येक आरा तिघांना ओलांडून जाणारा. मग चिमट्यात चाक अडकवून आउट, म्हणजे चाकाचा वेडेवाकडेपणा, काढायचा. इकडचा आरा पाव फेरा कस, तिकडचा ढिला कर, पुन्हा फिरव. कसलेला आरा बोटानं छेडला की नाद येतो. सगळ्यांचा नाद सारखा आला पाहिजे. मी चौसष्ट आरे छेडून ऐकायची, झोपायला जायची आणि उठून पुन्हा ऐकायची. आई म्हणायची, "वीणा झाली का तुझी?"

चिमट्याची नळी मापात कापायची होती. जास्त कापली तर जोडायची सोय नाही, चिमटा वाया. मी माप सात वेळा घेतलं. करवत लावली आणि पहिल्या दोन घासांनंतर थांबले, आठव्यांदा माप घेतलं. अमोल नळीचं दुसरं टोक धरून बसला होता.

"अक्का, लोखंड हाय ते. रडणार न्हाई."

"गप बस. हलवू नको."

माप बरोबर निघालं. कटोऱ्या मी वर्कशॉपमधून आणलेल्या दाबयंत्रानं बसवल्या, सरळ बसल्या. कागदावर सगळं ठीक होतं. आणि माझी भीती मात्र कमी व्हायच्या ऐवजी दर भागागणिक वाढत चालली होती. पूर्वी ती एका खोबणीएवढी होती. आता तिला दोन चाकं, एक साखळी आणि बसायची जागा मिळत होती.

हॅन्डल शेवटी आलं. ते जुनं होतं, अमोलनं पुण्यातल्या कुणा पोराकडून वापरलेलं घेतलं होतं. त्याला हव्या त्या उंचीचं नवं मिळत नव्हतं. त्याची दोन महिने वाट बघून झाली होती. त्यानं ते हातात घेतलं तेव्हा चेहरा असा झाला की मला बघून बरं वाटलं. मग मी ते उजेडात नेलं आणि मधल्या वाकाजवळ मला एक तिरकी रेघ दिसली.

"वरखडा हाय तो," अमोल म्हणाला. "देणाऱ्यानं आधीच सांगितलंतं. फोटो बी पाठवलता."

लोखंडातली भेग शोधायची एक जुनी रीत आहे. भाग रॉकेलमध्ये बुडवायचा, मग कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड फासायची. भेग असली तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली काळी रेघ उमटते. मी ते केलं. रविवारची दुपार होती, अमोल आईसाठी माल आणायला गेवराईला गेला होता. मी पुडीनं पांढरं झालेलं ते हॅन्डल मांडीवर घेऊन बसले. पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं काही नाही. मग त्या तिरक्या जागी पूड किंचित करडी झाली. रेघ दिसली की मला दिसावीशी वाटली, कोण जाणे. मी डोळे मिटले, उघडले. होती.

त्याची वाट बघायला हवी होती. त्याला दाखवून, बोलून ठरवायला हवं होतं. मी उठले, हॅन्डल शिकंज्यात आवळलं आणि रेघेच्या बरोबर आडवी करवत चालवली. दोन तुकडे झाले तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी भिंतीला टेकून खाली बसले.

मग तुकड्याचं तोंड कानशीनं साफ करून भिंगातून बघितलं. नळीची जाडी अख्खी होती. रेघ वरच्यावर होती, आत कुठेच गेली नव्हती. वरखडाच होता.

अमोल संध्याकाळी आला. तुकडे पोत्यावर ठेवले होते. त्यानं ते उचलले, एकमेकांना लावून बघितले, पोरं मोडकी पाटी लावून बघतात तसे.

"भेग व्हती?"

"न्हाई."

"मग कावून कापलंस?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "अक्का, तुला ही सायकल करायचीच न्हाई. नुस्तं मला सांगायची हिंमत न्हाई तुझ्यात."

आणि मग माझ्या तोंडातून ते बाहेर पडलं. "मागच्या टायमाला मी बघितलतं, अमोल. वेल्डिंगच्या कडेला खोबण राहिली व्हती. मला दिसली. मी चालतंय म्हणले. तुझा जबडा माझ्यामुळं मोडला."

बाहेर दुकानात आई कुणाला तरी पावशेर साखर देत होती. तागडीची साखळी वाजली, गिऱ्हाईक गेलं. अमोल तुकड्यांकडेच बघत होता.

"त्या जोडावर काळा रंग कुणी मारलता?" त्यानं विचारलं.

"तू."

"कावून मारला असंल?"

मी त्याच्याकडे बघितलं.

"मला बी दिसली व्हती ती. तुला दाखवली असती तर तू सायकल दिलीच नसतीस. दुसऱ्या दिशी पोरं बांधावर येणार व्हती. म्हणून रंग मारला."

लोक म्हणतात, मनातलं बोलून टाकलं की भार उतरतो. माझा उतरला नाही. मला उलट जास्त भीती वाटली. फिटर म्हणून एवढी वर्षं मी समजत होते की चूक एकाच्या नजरेतून निसटते. इथं दोघांनी चूक बघितली होती, दोघांनी आपापल्या सोयीनं ती झाकली होती, आणि एकाच घरात दीड महिना पेजेचा तो आवाज ऐकत दोघंही गप्प राहिले होते. त्या दिवसापासून मी वर्कशॉपमध्ये पोरांनी बनवून रंगवलेला जॉब तपासायला घेत नाही. आधी रंग खरवडा म्हणते. त्यांना वाटतं बाई खडूस आहेत.

ती रात्र तशीच गेली. सकाळी अमोल चहाचा कप घेऊन खोलीत आला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "नवं हॅन्डल मागवतो. थोडं बुटकं मिळंल. चालं—" तो शब्द त्यानं अर्ध्यात गिळला. "भागवून घेतो," म्हणाला. आम्ही दोघंही हसलो नाही.

नवं हॅन्डल यायला पंधरा दिवस लागले. तोवर पाऊस पुरता थांबला, रानात सीताफळं पिकून फुटायला लागली, घरात सगळीकडे त्यांच्या काळ्या बिया. मामाच्या पडीक रानात, डोंगराच्या पायथ्याशी, अमोलनं फावड्यानं दोन ढीग रचले होते. मुरूम आणि काळी माती मिसळून, पाणी मारून, धुमसानं ठोकून त्यानं ते सिमेंटसारखे केले होते. दोन ढिगांच्या मधे आठ-नऊ फुटांचा खड्डा. मी तो पायांनी मोजला होता आणि मग खड्ड्यात उतरून वर बघितलं होतं. वर नुसतं आभाळ होतं.

सायकल पुरी झाली त्या सकाळी आईनं विभूतीचा बटवा काढला. आधी फ्रेमवर तीन पट्टे ओढले, मग अमोलच्या कपाळावर, मग माझ्या. "कपिलधारला पाया पडून येऊ म्हणलं व्हतं मी, दोघं बी आला न्हाईत," एवढंच बोलली. रानात यायला ती तयार झाली नाही. दुकान उघडं ठेवून कसं येऊ, म्हणाली. दुकान त्या दिवशी तिनं दुपारपर्यंत उघडलंच नव्हतं, हे मला नंतर शेजारणीनं सांगितलं.

रानात पोचल्यावर मी प्रत्येक बोल्टला पुन्हा पाना लावला. अमोल हेल्मेट घालून उभा होता. तो पहिल्यांदा सायकलवर बसला आणि चाकांमधून कड-कड-कड असा आवाज आला. मी किंचाळले.

"काय झालं?"

नव्या चाकावर पहिल्यांदा भार आला की आऱ्यांचा पीळ सुटतो आणि ते वाजतात. मला माहीत होतं. पोरांना मी हे सांगितलेलं आहे. "काय न्हाई," म्हटलं. "आरे बसले."

तो लांब गेला, वळला आणि उतारावरून येऊ लागला. मातीवर जाड टायरांची घरघर वाढत आली, ढिगावर चढली आणि थांबली. त्या थांबण्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. मोबाईलवर बघताना मागं गाणं वाजत असतं. इथं सायकल जमीन सोडते आणि आवाज एकदम तुटतो. रान, पाखरं, वारा, काहीच ऐकू येत नाही. मी खाली बघत होते. मला फक्त घरघर परत ऐकायची होती. ती आली. पलीकडच्या उतारावर धप्प, आणि मग घरघर.

"अक्का! बघितलंस का?"

"हां," मी खोटं बोलले.

दुसऱ्यांदा मी बघितलं. तिसऱ्यांदाही. तो हवेत असताना शरीर आखडून सायकल खालून वर ओढायचा, सायकल त्याच्या मागं मागं जायची आणि त्या क्षणी ती माझ्या खोलीतल्या पोत्यांवरची वस्तू राहत नव्हती. तिच्यात सुंदर काहीतरी होतं, हे मी कबूल करते. पण भीतीनं ते मला नीट बघू दिलं नाही. माझी नजर सारखी हॅन्डलच्या मुळाशी जायची.

पाचव्या उडीला तो जास्त जोरात आला. पुढचं चाक उतारावर टेकायच्या ऐवजी उताराच्या पुढं पडलं, वळलं, आणि सायकल एकीकडे, अमोल दुसरीकडे. धूळ उठली. काहीतरी लोखंडी दगडावर आपटल्याचा आवाज आला.

मी धावले. गवतातून, ढेकळांवरून, चप्पल निघाली ती तशीच टाकून. गुडघ्यावर बसले. दोन्ही हातांनी हॅन्डल धरलं, मुळाशी अंगठा फिरवला. फ्रेमच्या नळीखाली बोट घातलं, चिमट्याची मान चाचपली, चाक उचलून फिरवलं. चाक सरळ फिरलं. जोड अखंड होते. एकही आरा तुटला नव्हता. मी डोकं फ्रेमला टेकवलं आणि तोंडातून कसला तरी आवाज निघाला, हुंदका असेल.

"अक्का."

आवाज मागून आला.

"तिला काय झालं का?"

"न्हाई."

"मग मला बघ की."

मी वळले. दहा-बारा फुटांवर तो उताणा पडला होता. हेल्मेट तिरकं झालेलं, कोपरातून रक्त येत होतं, आणि तो माझ्याकडे बघत होता. किती वेळ बघत होता, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यानंही कधी सांगितलं नाही. मी रांगतच त्याच्याकडे गेले.

"बोटं हलव."

त्यानं हलवली.

"पाय ओढ. दुसरा. मान दुखती? इकडं वळव. हळू. तिकडं."

"न्हाई दुखत."

मी त्याची गळ्याखालची हाडं चाचपली, खांदे, मनगटं, बरगड्या. प्रत्येक जागी तो म्हणाला, हां, ठीक हाय, हां. कोपराला माझ्या ओढणीचं टोक बांधलं.

"उठू का?"

"थांब."

मी पुन्हा मनगटापासून सुरुवात केली. ऊन वर येत होतं. डोंगराकडून मेंढरांच्या घंट्या ऐकू येत होत्या.

"अक्का, आता उठू का?"

तपासायला काही उरलं नव्हतं. तरी मला 'हो' म्हणता येईना. त्याचं मनगट मी तसंच धरून बसले. तो थोडा वेळ थांबला. मग हळूच आपला हात सोडवून घेतला, जमिनीला टेकवला आणि माझ्या 'हो'ची वाट न बघता उठून उभा राहिला.